आजोळचा रकाना

१४ जून २०१२, गुरुवार

आज लिहायला बसलो, तेही लाजतच. वही, तुझ्यावर धूळ बसली होती! फेब्रुवारीनंतर एक ओळ नाही. माफ कर. डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग लेकीकडे, पंचशीलेकडे, नांदेडला दोन महिने राहिलो, मग इथं अ‍ॅडमिशनची गर्दी. ही सगळी कारणंच झाली. लिहायला हवं होतं.

आज लिहितोय ते राग आला म्हणून.

क्लास चालवणाऱ्या यासेर सरांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, यंदा पोरं एकोणीसशेच्या वर जाणार, वह्या-रजिस्टरांवर क्लास चालणार नाही. पुण्याची एक कंपनी येणार. ती आधी आपलं सगळं काम बघणार, मग सिस्टीम बसवणार, आणि बरंचसं काम तिकडून, पुण्यातूनच करणार. मी विचारलं, "म्हणजे हजेरी पुण्यातून घेणार? पोरं लातुरात आणि हजेरी पुण्यात?"

सगळे हसले. सरही हसले. "काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका. तुमचं काम हलकं होईल."

मी कधी म्हणालो जड आहे?

१६ जून

उमरीचा एक पोरगा आला. अबुजर नाव. बारीक, डोळे मोठे. सोबत चुलता. तो उमरीच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करतो. पोराला आई-बाप दोन्ही नाहीत. दहावीला तालुक्यात दुसरा, म्हणून सरांनी फीशिवाय तसाच घेतला.

रजिस्टर काढलं. नाव, गाव, घरचा फोन. चुलता म्हणाला, "फोन कुठला वो, काका. तुमचाच लिवा. तुम्हीच बघा आता ह्याच्याकडं." लिहिला. असे बरेच आहेत. ज्यांच्या घरी फोन नाही, त्यांच्या पुढं मी माझाच नंबर घालतो. निरोप मीच पोचवायचा, तर नंबर कुणाचाही असला म्हणून काय बिघडलं?

मग शेवटचा रकाना. आजोळ.

पोरगा म्हणाला, "आजोळ न्हाई. आईच्या घरचं कुणीच न्हाई राहिलं."

मी म्हटलं, उमरी माझ्या पंचशीलेचं आजोळ. मग तुझं आजोळ मी. आणि रकान्यात लिहिलं – व्यंकटराव, क्लासचं गेट, लातूर.

पोरगा लाजून हसला. "मंग तुम्हाला नाना म्हणू?"

म्हण बाबा.

२१ जून, गुरुवार

पुण्याचे साहेब आले. ह्या उकाड्यात टाय! नाव सांगितलं, ते काही लक्षात राहिलं नाही. मी त्यांना टायवालेच म्हणतो.

भिंतीवर पांढरा फळा. प्रत्येकाला विचारत होते, तुम्ही काय करता? आणि पिवळ्या चिठ्ठीवर लिहून फळ्यावर चिकटवत होते. फिजिक्सच्या सरांच्या नऊ चिठ्ठ्या झाल्या. काउंटरवरच्या सालेहाच्या सहा. माझी पाळी आली.

मी सांगायला लागलो. सकाळी साडेपाचला गेट उघडतो. पोरं आत येताना तोंडं बघतो. कुणाचं तोंड उतरलेलं, कोण जेवलेलं नाही, ते कळतं. एक दिवस नाही आला तर नावापुढं टिंब. दुसऱ्या दिवशी फोन – घरी, नाही तर गावातल्या दुकानात. तिसऱ्या दिवशी त्या गावच्या एसटी कंडक्टरजवळ निरोप. तरी पत्ता नाही लागला तर आजोळी –

टायवाल्यांनी हात वर केला. "ओके काका, समजलं." आणि लिहिलं – हजेरी घेणे. फोन करणे.

दोन चिठ्ठ्या! चौदा वर्षांच्या दोन चिठ्ठ्या!

मग फळ्याच्या मधोमध एक रेघ मारली. म्हणाले, "शिकवणं हा तुमचा खरा धंदा. तो आत ठेवा. बाकी सगळं बाहेर द्या. जे काम दुसरा कुणी स्वस्तात आणि चांगलं करू शकतो, ते आपण कशाला करायचं?" आणि एकेक चिठ्ठी उचलून रेघेच्या अलीकडे-पलीकडे लावत गेले. माझ्या दोन्ही पलीकडे.

मी 'बाकी' आहे म्हणे.

टायवाल्यांनी रजिस्टर चाळलं. "हे आजोळ काय आहे? मामाचं घर? त्याचा काय उपयोग?"

मी म्हटलं, साहेब, उपयोग आहे.

"किती वेळा लागलं, वर्षातून?"

"एकदा. कधी दोनदा."

"बघा!" असं म्हणून ते यासेर सरांकडे वळले. जणू मीच त्यांच्या बाजूची साक्ष दिली!

२२ जून

झोप नाही. त्यांना नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं सांगतो.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी मी लातुरात, तांदळाच्या गिरणीवर रखवालीला. गावात बायको नीलाबाई आणि पाच वर्षांची पंचशीला. सकाळी गावात पोचलो तर गावच नाही. नीलाबाई दुपारी सापडली, ढिगाऱ्याखाली. पोरगी नाही. कुणी म्हणे जिवंत काढली, कुणी म्हणे ट्रकात घातली. लातूर, उमरगा, सोलापूर – दवाखाने पालथे घातले. याद्या होत्या, पानंच्या पानं. 'मुलगी, वय अंदाजे पाच.' अशा किती मुली! घरचा पत्ता लिहिलेला, पण घर कुठं होतं? शेजारी कळवायचं तर शेजारी कुठं होते?

अकराव्या दिवशी सापडली. उमरीला, आजोळी. एका कंडक्टरनं तिला ओळखलं होतं. दर सणाला आईसोबत त्याच्या गाडीत बसायची, म्हणून तिचं आजोळ त्याला ठाऊक. त्यानं नेऊन पोचवली.

आपलं घर पडलं तरी आजोळ दुसऱ्या गावात असतं. एवढीच गोष्ट. टायवाल्यांना ती दोन मिनिटांत सांगता आली असती.

२ जुलै, सोमवार

रजिस्टरं गेली. सात मोठी खोकी. टेम्पोत घातली. पुण्याला पोरी बसून संगणकात भरणार.

त्यांच्या माणसानं मला एक फॉर्म दिला. खाली विचारलेलं – या माहितीबद्दल काही विशेष सूचना?

सालेहा म्हणाली, "काका, सांगा ना त्याला काय असंल तर. तुमच्याच अक्षरातलं हाय सगळं."

मी म्हटलं, काही नाही. ज्यांना दोन चिठ्ठ्यांत सगळं समजलं, त्यांना मी काय सूचना देणार!

'काही नाही' असंच लिहिलं आणि सही केली.

१६ जुलै

गेटवर मशीन बसलं. पोरगा अंगठा लावतो, हिरवा दिवा लागतो, हजर. तोंड कुणीच बघत नाही. एक नवा गार्ड ठेवलाय. हिरवा दिवा लागला नाही तर पोराला आत सोडत नाही.

मला यासेर सर म्हणाले, "काका, तुम्ही आता पाण्याच्या टाकीकडं बघा. सावलीत बसा." ह्याच्या बापाचं, नजीरभाईचं, घड्याळाचं दुकान होतं, तेव्हा हा माझ्या मांडीवर बसून वाटाणे खायचा. आता मला सावलीत बसवतो!

बसलोय. गेटबाहेरच्या पाण्याच्या टाकीशी.

२९ जुलै, रविवार

मोबाइल नुसता किणकिणतो! सकाळ झाली की पाच-सहा मेसेज. सगळे इंग्रजीत. मला एबीसीडी येते, पण ते वाचायचं कोण! पंचशीलेला फोन केला. तिची ड्यूटी होती, घाईत म्हणाली, "बाबा, कंपन्यांचे असतात ते. कर्ज घ्या, गाणं लावा. उडवून टाकत जा." कसे उडवायचे ते तिनं उन्हाळ्यात शिकवलंच होतं. सगळे एकदम उडतात. आता सकाळचा चहा झाला की ते एक काम.

ह्या कंपन्यांना माझा नंबर दिला कुणी?

१९ ऑगस्ट

पहिल्या मोठ्या चाचणीचा निकाल लागला. पूर्वी निकाल फळ्यावर लागायचा, पोरं एकमेकांना धरून बघायची. आता नंबर थेट पुण्याहून येतो आणि बॅचही आपोआप बदलते. वरचे वरच्या मजल्यावर, खालचे मागच्या शेडमध्ये.

जळकोटकडची महामाया टाकीशी आली. हुशार पोर. बाप बोअरवेलच्या गाडीवर, सहा-सहा महिने तेलंगणात. तिला शेड मिळाली. पाणी पीत राहिली, पीत राहिली.

"किती पिशील गं?"

"काका, रडणं दिसू नये म्हणून पिऊन राहिले."

मी सरांना सांगायला गेलो. सर फोनवर. सालेहा म्हणाली, बॅच सिस्टीम लावते, सरांच्या हातात न्हाई. कमाल आहे! क्लास सरांचा आणि हात कुणाचा?

१० सप्टेंबर, सोमवार

आज भांडलो. स्पष्ट भांडलो.

पुण्याहून कागद आला. रंगीत. सरांनी सगळ्यांना दाखवला – गैरहजर मुलांच्या पालकांपर्यंत संदेश पोचण्याचं प्रमाण अठ्ठ्याण्णव टक्के. "काका, तुमच्या काळात किती होतं?"

मी म्हटलं, माझ्या काळात टक्के नव्हते, पोरं होती.

"पण आता प्रत्येकाच्या घरी मेसेज जातो, काका. पहिल्याच दिवशी. तुम्ही तिसऱ्या दिवशी कंडक्टर शोधत होता."

"जाऊ द्या मेसेज. घरी गेलेला वाचतो कोण?"

"ते आपलं काम न्हाई," सर म्हणाले. ह्यावर मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. नजीरभाई असते तर त्यांनी मला मारलं असतं.

बाहेर आलो तर अंगाचा भडका. तेवढ्यात अबुजर. "नाना, मशीन अंगठाच धरंना माझा. तीन दिवस झाले. गार्ड आत सोडंना." सुट्टीत चुलत्याच्या छत्रीच्या तारा वाकवतो, बोटं घासून गुळगुळीत झालेली. हे मशीन! ज्याच्या हाताला काम आहे त्यालाच ओळखत नाही!

मी म्हटलं, मला काय सांगतोस? मी पाणी बघतो. जा, विचार पुण्याला!

पोरगा टाकीकडं वळला. पाणी प्यायला. गेला.

मशीन बनवणाऱ्याला एकदा ह्या टाकीशी उभं केलं पाहिजे.

२७ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी मेसेज उडवायला बसलो. वैताग आला. काउंटरवर गेलो आणि फोन सालेहापुढं आपटला. "हे कायमचं बंद कर. कसल्या कंपन्या आहेत ह्या?"

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. "काका, हे कंपनीचे न्हाईत. आपलेच हायेत. क्लासचे."

"क्लासचे? मला कशाला?"

"पालक म्हणून. हे बघा – आपला पाल्य अमुक आज गैरहजर आहे. खाली आपल्या क्लासचं नाव."

मी बसलो. स्टूल नव्हतं, जमिनीवरच बसलो.

माझाच नंबर! फोन नसलेल्या घरांपुढं मीच घातलेला. पुण्याच्या पोरींनी जसा होता तसा भरला. त्यांना काय ठाऊक! सांगायला पाहिजे होतं मी. फॉर्मवर जागा होती. 'काही नाही' लिहिलं!

दोन महिने घरोघरचे निरोप माझ्या खिशात येत होते आणि मी चहा पिऊन उडवत होतो. अठ्ठ्याण्णव टक्के!

आजच्या मेसेजमध्ये महामाया. कालच्यातही महामाया. ते अजून उडवले नव्हते. सालेहानं संगणकात बघितलं – चार दिवस. तिच्या खोलीवर गेलो. सोबतची म्हणाली, "घरी जाते म्हणाली." स्टँडवर तिच्या गावच्या गाडीच्या कंडक्टरला गाठलं. तो संध्याकाळी उत्तर घेऊन आला – घरी नाही. आईला वाटतंय लातुरातच आहे.

आजोळ कुठलं? रजिस्टर नाही. डोळे मिटून बसलो. अ‍ॅडमिशनला हसली होती – घर नंबर न्हाई काका, ईश्वरप्पाच्या गिरणीसमोर म्हणायचं. लोहा. लोहाच.

२८ सप्टेंबर

लोह्याला उतरलो. पिठाची गिरणी विचारली. तिच्यासमोर पत्र्याचं घर. दारात म्हातारी शेंगा फोडत बसलेली – आजी, गुणाबाई. आणि उंबऱ्यावर महामाया.

मी पिशवी खाली ठेवली. तीच म्हणाली, "पाच दिवस लावले काका."

"म्हणजे?"

"मेसेज आला असंल ना तुम्हाला? रजिस्टरात तुमचाच नंबर हाय. मी म्हणलं, घरी आईला कळणार न्हाई, पण काकाला कळंल. काका दोन दिवसांत येतील. रोज एसटी बघून राहिले."

गुणाबाई म्हणाली, "रोज त्या गिरणीच्या कट्ट्यावर बसती. मी म्हणलं कुणाची वाट बघती गं, तर सांगंना. तुमचीच व्हय ती वाट!"

काय सांगणार? सांगितलं. इंग्रजी वाचता येत नाही. उडवले.

पोर हसली. मग रडली. मग माझी समजूत काढायला लागली! गुणाबाईनं दोघांना भाकरी वाढली. म्हणाली, "दोगंबी सारखेच येडे. जेवा आधी."

शेवटच्या गाडीनं तिला घेऊन लातूरला.

३० सप्टेंबर, रविवार

एकोणीस वर्षं झाली. दर वर्षी पहाटे उठून बसतो, आजही बसलो. पंचशीलेचा फोन आला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मीच म्हणलं होतं ना, उडवून टाका."

नाही गं. तुझा काय दोष?

१ ऑक्टोबर, सोमवार

यासेर सरांच्या केबिनमध्ये गेलो आणि आधी स्वतःचं सांगितलं. नंबर, फॉर्म, सगळं. म्हटलं, चूक माझी, शिक्षा द्या. पण ऐका – तुमच्या कागदावरच्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत माझ्या खिशात पडलेले निरोपही धरलेत.

सरांनी तो रंगीत कागद बाजूला सारला. "काका, मी विचारायला पाहिजे होतं. मला वाटलं ते लोक विचारतील."

"त्यांनी फॉर्मवर विचारलं, सर. मी सांगितलं नाही."

लगेच पुण्याला फोन लावला. आजोळचा रकाना घाला म्हणाले. तिकडून उत्तर – तो आम्ही भरलाच नाही, आमच्या फॉर्ममध्ये तशी जागा नव्हती. मग रजिस्टरं परत पाठवा. ती नष्ट केली. करारातच लिहिलंय, काम झालं की कागद नष्ट करायचा. सरांनी सही केलेली आहे.

चौदा वर्षांची आजोळं! ह्या लोकांनी फाडून टाकली! आणि सरांनी न वाचता सही केली, जशी मी केली.

सर म्हणाले, "काका, उद्या सुट्टी हाय. परवा तुमच्या नंबरवरची सगळी नावं सालेहा काढून देईल. एकेक बघू. तुम्ही पुन्हा गेटवर बसा."

हे ऐकायला मी जुलैपासून थांबलो होतो. ऐकलं, पण गोड लागलं नाही.

३ ऑक्टोबर, बुधवार

यादी आली. एक्केचाळीस नावं. गेटवर बसून एकेकाला हाक मारली, तोंड बघितलं, खूण केली. महामाया – आहे. चाळीस झाले.

एका नावावर लाल रेघ. सालेहाला विचारलं. ती म्हणाली, "पंधरा दिवस सलग गैरहजर असला की सिस्टीम आपोआप नाव काढते, काका. मंग मेसेज पण जात न्हाई."

अबुजर. मशीनच्या हिशेबानं आठ सप्टेंबरपासून गैरहजर.

दहाला तो माझ्याशी बोलला होता. काय बोललो होतो ते मागचं पान उलटून वाचलं. माझ्याच अक्षरात आहे.

त्याच्या खोलीवर गेलो. पोरं म्हणाली, पेटी घेऊन गेला, गावी जातो म्हणाला. बरं. मग उमरीलाच असेल. चुलत्यापाशी बसून छत्र्या करत असेल. रुसला असेल नानावर. उद्या पहिल्या गाडीनं जातो, कान धरतो स्वतःचे, आणि घेऊन येतो.

४ ऑक्टोबर

उमरीच्या बाजारात चुलता भेटला. मला बघून उठला, हात पुसले, हसला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "या, या! आमचा अबुजर कसा हाय? गणपतीच्या सुट्टीत पण आला न्हाई. मी म्हणलं, असू दे. तुमच्यापाशी हाय, मंग काय काळजी?"

अबुजर, बाळा, नंबर तुला पाठ आहे. आता एकही मेसेज उडवत नाही. कुठूनही, कुणाच्याही फोनवरून – लवकर कळव.